दादाच्या शर्यतीच्या सायकलीला मडगार्ड लावल्याबद्दल

मु. पो. आटपाडी,
आश्विन शुद्ध त्रयोदशी, १९४४

तीर्थस्वरूप दादा (हवालदार लालासाहेब) यांच्या पायांवर धाकटी बहीण मनू हिनं इथूनच डोकं टेकवलं आहे, ते मान्य करून घ्यावं. इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत. तुम्ही जिथं असाल तिथं (जागेचं नाव विचारायचं नसतं हे मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही) खुशाल असावं असं आई रोज देवाला सांगते आणि देवानं ऐकलं की नाही हे कळावं म्हणून पोस्टमनची वाट बघते. आईची कंबर आता बरी आहे. आप्पांचा खोकला गेला, पण सवय राहिली. नदीकडच्या रानातला ऊस माणूस बुडेल एवढा झाला आहे. वडील भावाला पत्रात तुम्ही म्हणावं असं शाळेत शिकवलं होतं, ते मी एवढा वेळ केलं; यापुढं माझ्यानं होत नाही, तेव्हा आता तू. (मधे पत्र उघडून वाचणारे जे कोणी साहेब असतील त्यांनाही नमस्कार. यात सरकारविरुद्ध काही नाही. सायकलीविरुद्ध थोडं आहे.)

तुझी तब्येत कशी आहे? छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी असं काही होत नाही ना? होत नसेल तर बसून घे आणि मग पुढं वाच. पत्र तुझ्या सायकलीबद्दल आहे.

सायकल हयात आहे, हे आधी सांगते. तू भरती होऊन गेलास तेव्हा ती सोप्यातल्या आढ्याला दोरीनं टांगून गेलास आणि सगळ्यांना ओळीनं उभं करून सांगितलंस की हिच्यावर कोणी बसायचं नाही, हिला कोणी हात लावायचा नाही, फक्त आप्पांनी दर शनिवारी तेलाचं फडकं फिरवायचं. आप्पांनी मारुतीला जेवढं तेल घातलं नसेल तेवढं तिला घातलं. गावातली माणसं येऊन वर मान करून बघून जायची. बोटाएवढे बारीक टायर, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मडगार्ड नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ही पुरी कवा व्हायची?" सांगली-मिरज शर्यतीत तू तिच्यावर दुसरा आलास, हे मी त्यांना सांगते. (म्हैस आडवी आली नसती तर पहिला आला असतास, हेही सांगते. हल्ली मी दोन म्हशी सांगते.)

आता ती आढ्यावरून खाली कशी आली ते ऐक. गेल्या दिवाळीपासून मी इथं आटपाडीच्या दवाखान्यात आहे हे तुला ठाऊक आहेच. माझे यजमान वारल्यावर सगळ्या भावकीनं मला चुलीपुढं बसवायचं ठरवलं होतं आणि तू एकटा आप्पांशी भांडून मला मिरजेला सुइणीचं शिकायला घातलंस. ते मी विसरलेले नाही आणि हे मी उगीच लिहीत नाही. तर इथं मी शिकलेली सुईण म्हणून आले, पण बाळंत व्हायच्या बायका गावात थोड्या आणि माळावरच्या वस्त्यांवर जास्त. कुठली वस्ती दोन कोस, कुठली तीन. मोटार आठवड्यातून कधी येते कधी नाही, आणि आली तरी ती कोळशाच्या धगीवर चालते, म्हणजे चढाला उतारू खाली उतरून तिला चालवतात. मी पिशवी घेऊन चालत जायची. चैत्रात एका वस्तीवरून निरोप आला. मी अर्ध्या वाटेत पळाले, अर्ध्या वाटेत चालले. पोचले तेव्हा उशीर झाला होता. बाई वाचली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. परत येताना मात्र एका बाभळीखाली बसले होते तेव्हा तुझी सायकल डोळ्यांपुढं आली, टांगलेली, तेलानं चकचकणारी, कुठंही न जाणारी.

अक्षय्य तृतीयेला गावी आले आणि आप्पांना म्हणाले की सायकल जरा मिरजेला दाखवून आणते, सांधे आखडले असतील. (मिरजेला हाडांचे डॉक्टर आहेत, तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं.)  आप्पांनी शिडी लावली, स्वतः दोरी सोडली आणि सायकल खांद्यावर घेऊन मोटारीच्या टपावर चढवून दिली. मोटार आटपाडीची होती, मिरजेची नव्हती, ते त्यांनी पाहिलं असणारच.

चालवायला मी मिरजेतच शिकले होते, बरोबरच्या नर्सच्या सायकलीवर. काष्टा असला की मधली नळी आडवी येत नाही. (तुम्हा पुरुषांना ती नळी कशासाठी लागते हे मला अजून कळलेलं नाही.) पण तुझ्या सायकलीवर बसलं की माणूस वाकून जमिनीवर हरवलेलं काहीतरी शोधत चालल्यासारखा दिसतो. पहिल्या दिवशी बाजारातून गेले तर दोघांनी विचारलं, काय पडलं बाई? आणि पुढं माळ लागला. दादा, इथली बाभळ ही झाड नव्हे, ती सुयांची वखार आहे. पहिल्या मैलात तीन पंक्चर झाली. त्या बारीक टायरला काटा टोचत नाही, आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूनं डोकावून बघतो. त्या महिन्यात मी सायकलीवर जितकी बसले त्याच्या दुप्पट सायकल माझ्यावर बसली, म्हणजे खांद्यावर.

तरी ते चाललं असतं. पण जेठात एका दुपारी वळीव होऊन गेला आणि मी बिराप्पा धनगराच्या वस्तीवर त्याच्या सुनेला, तानुबाईला, तपासायला निघाले. सहावा महिना, आधीचं एक मूल गेलेलं, म्हणून मी तिच्यावर लक्ष ठेवून होते. मधे काळ्या मातीचं एक रान लागतं. मडगार्ड नसलेली सायकल ओल्या मातीत काय करते हे तुला ठाऊक नसेल, कारण तू शर्यती कोरड्या दिवसांत करायचास. मागचं चाक सगळा चिखल उचलतं आणि कमरेपासून अंबाड्यापर्यंत एक सरळ पट्टा ओढतं, आणि पुढचं चाक राहिलेला चिखल नाकावर मारतं. मी वस्तीवर उतरले तर कुत्री भुंकेनात, मागं सरली. बिराप्पाची बायको हरणाबाई दारात आली, तोंडाला पदर लावला आणि ओरडली, "आगं बया! ही कोण रानात लोळून आली?"

"नर्सबाई हाय मी, मावशी. सुनंला बघायला आले."

"आदी तुला बघू दे की कुनीतरी! धुतल्याबिगर माझ्या सुनंला हात लावशील तर बघ."

आणि तिचं चुकीचं काहीच नव्हतं. मिरजेत आम्हाला हेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं, फक्त जरा इंग्रजीतून. तिनं मला दगडावर बसवलं आणि दोन घागरी पाणी डोक्यावर ओतलं. त्या वस्तीवर पाणी अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणतात, दादा. तपासायला आलेली बाई आंघोळ करून, हरणाबाईचं लुगडं नेसून, तानुबाईच्या पोटाला हात लावते आहे आणि तानुबाई हसून हसून पोट हलवते आहे, अशी ती तपासणी झाली. परत येताना मी ठरवलं की एक तर ही सायकल बदलायची, नाहीतर हा मुलूख. मुलूख बदलणं माझ्या हातात नव्हतं.

इथं मला केरबा मिस्त्री यांच्याबद्दल थोडं लिहावं लागतं. (थोडंच लिहिते.) बाजाराच्या टोकाला त्यांचं सायकलीचं दुकान आहे. मूळचे विट्याकडचे, आपल्यातलेच. पलटणीत होते. आफ्रिकेतल्या डोंगरात गुडघ्यात गोळी बसली, म्हणून घरी आले. डावा पाय वाकत नाही, त्यामुळं दुसऱ्यांच्या सायकली नीट करतात आणि स्वतः एकही चालवू शकत नाहीत, पण याबद्दल कधी कुरकुर करत नाहीत. तसे कशाबद्दलच फारसं बोलत नाहीत. माझी पंक्चर तेच काढायचे. मी तावातावानं चिखलाची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं, ते थांबेपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "ही सडकंची सायकल हाय, बाई. हितं सडक कुटं हाय?"

मी म्हटलं, मग हिला माळाची करा. ते म्हणाले, "मालक कोन?" मी तुझं नाव सांगितलं, पलटण सांगितली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले की फौजेतल्या माणसाची वस्तू त्याला न विचारता मोडायची नाही. मी म्हटलं मोडायची कुठं आहे, दोन रुंद टायर आणि दोन मडगार्ड, एवढंच. ते म्हणाले, तेवढ्यासाठीच मोडावी लागेल. तो दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्यांना चैत्रातल्या त्या वस्तीची गोष्ट सांगितली, तुला वर जेवढी लिहिली त्याहून जास्त सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, पाना उचलला आणि म्हणाले, "टायर आना."

टायर आना म्हणणं सोपं. मलाया जपान्याकडं गेल्यापासून रबर म्हणजे केशर झालं आहे. परवान्याशिवाय टायर नाही, आणि परवाना कचेरीत. तिथल्या कारकुनांनी माझा अर्ज वाचला. वाहनाचा उपयोग या रकान्यात मी बाळंतपण असं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "सायकलीवर?" मी म्हटलं नाही हो, सायकलीवरून उतरून. ते म्हणाले बाईमाणसाला टायर देण्याचा नियम नाही. न देण्याचाही नाही, हे मी दाखवलं, तेव्हा म्हणाले उद्या या. उद्या गेले, परवा गेले. परवाच्या दिवशी मी वाद घालायचा सोडून दिला आणि बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या बायकांना पायाळू मूल, म्हणजे पायाकडून येणारं मूल, कसं सोडवतात हे समजावून द्यायला लागले. अगदी सावकाश, हातवारे करून, काही न गाळता. बायका पुढं सरकल्या, पुरुष बाहेर गेले, आणि टेबलामागं कारकून एकटे सापडले. मी अर्ध्यावर आले असेन, तेवढ्यात शिक्का उमटल्याचा आवाज आला. (परवान्यावर त्यांनी तुझं नाव घातलं आहे. म्हणजे कागदोपत्री ही सगळी बाळंतपणं हवालदार लालासाहेब करतात.)

तुझ्या चाकाला बसतील पण दुप्पट रुंद असतील असे टायर सांगलीच्या एका दुकानात मिळाले. कुणा साहेबानं मागवले होते आणि तो साहेब परत आलाच नाही. ते आणून मी मोठ्या दिमाखात केरबा मिस्त्रींपुढं टाकले. बसवले, चाकं आत घातली, बाजारातली दहा-वीस माणसं जमली. हवा मी भरते, असं मीच म्हणाले. पंप मारत गेले, टायर फुगत गेला, लोक वा म्हणत गेले आणि मग मी चाक फिरवलं तर ते फिरेना! पुढचं हँडलखालच्या चिमट्यात अडकलं, मागचं दोन्ही बाजूंच्या नळ्यांत. हवा सोडली की फिरायचं, भरली की थांबायचं. आणि तुझे ते नाजूक ब्रेक, ते तर टायरच्या वरून पलीकडं पोचेचनात. आखूड हाताच्या बाईनं जाड नवऱ्याला मिठी मारावी तसं. (ही उपमा माझी नाही, बाजारातली आहे.)

आता इथं तू पाणी पी.

प्यालास? तर मग, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या केरबा मिस्त्रींनी आतून ठोकून दाबल्या. म्हणजे अंगठा मावेल एवढा खळगा पाडला. एकदम नाही पाडला. दोन दिवस त्यांनी ते काम पुढं ढकललं. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले, नळीला चामडं गुंडाळलं, वर गोल गज धरला आणि प्रत्येक ठोक्यानंतर थांबून बोट फिरवून बघितलं. मी तान्ही पोरं तपासते तेव्हा माझाही हात तसाच असतो, म्हणून मला कळलं. रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. पुढच्या चिमट्याला कानस लावून थोडी जागा केली आणि जुन्या जड सायकलीचे लांब हातांचे ब्रेक बसवले. चाक फिरलं. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

मडगार्डांची गोष्ट निराळी. पत्रा कुठं मिळेना, तेव्हा घासलेटच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापले. डब्यावर हत्तीचं चित्र होतं. मी म्हटलं हत्ती वाया घालवू नका, तेव्हा तो मागच्या मडगार्डावर आला, पण उलटा, पाय आभाळाकडं. तुझ्या सायकलीला मडगार्ड अडकवायला भोकंच ठेवलेली नाहीत. (विलायतेत पाऊस पडतो म्हणतात, मग हे असं का?) मी म्हटलं पाडा चार भोकं. ते म्हणाले नळीला भोक म्हणजे हाडाला भोक, आणि जुन्या मोटेच्या कातड्याच्या पट्ट्या करून त्यांनी मडगार्डं आवळून बांधली. खाली चिखल अडवायला त्याच कातड्याची झूल लावली. मग मी बसून निघाले आणि अर्ध्या मैलावर बिराप्पाचा कळप चरत होता तिथं पोचले. मडगार्डांचा आवाज कसा? लग्नातली वाजंत्री उतारावरून गडगडत यावी तसा. दीडशे मेंढरं चार दिशांना गेली, ती बिराप्पानं दिवस मावळेपर्यंत गोळा केली. दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन दुकानात आला आणि केरबा मिस्त्रींना म्हणाला, "आवं, ही सायकल हाय का लांडगा?" मिस्त्रींनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि बिराप्पानंच खांद्यावरच्या जुन्या घोंगड्याच्या पट्ट्या फाडून दिल्या. त्या पत्र्याच्या आतून आणि कातड्याखाली घातल्या आणि आवाज मेला. (पुढं वळताना चप्पल मडगार्डात अडकून मी एकदा निवडुंगात गेले ते फारसं सांगण्यासारखं नाही. मडगार्ड पुढून चार बोटं कापलं. काटे हरणाबाईनं काढले.)

आणि मग भादव्याच्या शेवटच्या आठवड्यात, तीन दिवस लागून राहिलेला पाऊस नुकताच थांबला असताना, सकाळी बिराप्पाचा थोरला मुलगा दारात उभा. तानुबाईला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या आणि हरणाबाईनं एवढाच निरोप दिला होता की पाय दिसतोय. मी पिशवी बांधली. दुकानावरून जाताना केरबा मिस्त्रींनी नुसती चाकं दाबून बघितली, थोडी हवा कमी केली आणि म्हणाले, "काळ्या रानात उतरा. बसून जाऊ नगा." मी ऐकलं नाही. घाई होती. माळावर तर, दादा, ती सायकल अशी पळाली की तुझ्या शर्यतीनं झक मारावी. काटे टायरखाली मोडत होते, दगडावरून चाक दबकत जात होतं, माझ्या पाठीवर एक थेंब नाही. मी मनातल्या मनात त्या डब्यावरच्या हत्तीला नमस्कार केला आणि काळ्या रानात शिरले.

पन्नास पावलं गेले असेन. काळी माती टायरला धरली, टायरनं ती मडगार्डात नेली, मडगार्डानं ती धरून ठेवली. चाक बंद! मी काडीनं उकरलं, दहा पावलं गेले, पुन्हा बंद. ज्या मडगार्डांसाठी चार महिने घालवले त्यांनीच मला धरलं होतं. त्या रानाच्या मधोमध मी उभी राहिले आणि चैत्रातली ती वाट आठवून मला रडूच आलं. मग मला मिस्त्रींचे शब्द आठवले. उतरा म्हणाले होते, थांबा म्हणाले नव्हते. पिशवी गळ्यात अडकवली, तुझी सायकल खांद्यावर घेतली (हलकी आहे हं, तेवढं तुझं मला पटलं) आणि पोटरीपर्यंतच्या चिखलातून ते रान पार केलं. ओढ्यात चाकं बुडवून खळखळली, घोंगड्याच्या पट्ट्यांसकट सगळा चिखल वाहून गेला, आणि पलीकडच्या मुरमावर बसून जे निघाले ते वस्तीवरच उतरले. हरणाबाईनं मला खालीवर बघितलं. पाय आणि एक खांदा सोडून मी कोरडी आणि स्वच्छ होते. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "जा आत. पानी उकळलंय."

पुढचं सगळं तुला लिहीत नाही, तू कारकुनांपेक्षा धीट आहेस असं मला वाटत नाही. एवढंच लिहिते की पायांनंतर हात अडकला होता, आणि अजून थोडा उशीर झाला असता तर पुन्हा चैत्र झाला असता. बाहेर आल्यावर मूल रडेना. मी त्याला पुसलं, चोळलं, तोंड साफ करून फुंकर घातली. बाहेर बिराप्पाच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. आणि मग ते रडलं, दादा, असं रडलं की बाहेरची मेंढरं पुन्हा पळतात की काय असं वाटलं. मुलगा आहे. तानुबाईनं त्याला छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "ताई, ह्यो ऱ्हाईल न्हवं?" मी म्हटलं राहील, आणि पहिल्यांदाच हा शब्द मला खात्रीनं म्हणता आला. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, तेव्हा बिराप्पानं आत्ताच ठरवलं आहे की हा मोठा झाला की वस्तीवर विहीर कुठं खणायची ते दाखवील आणि पाण्याची अर्ध्या कोसाची पायपीट संपेल. मी त्याला म्हटलं निदान त्याला चालू तरी लागू दे.

मी हात धुऊन बाहेर आले तर वाटेवरून कोणीतरी येताना दिसलं, एक पाय ओढत, कमरेपर्यंत चिखल. केरबा मिस्त्री. तीन कोस चालत आले होते, त्या पायानं, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात पंप. मी निघाल्यावर त्यांना वाटलं की काळ्या रानात चाक बसणार, म्हणून दुकान उघडं टाकून मागोमाग निघाले. दारात येऊन त्यांनी आधी विचारलं, "पोर?" मी म्हटलं रडतंय, ऐका की. मग विचारलं, "आई?" मी म्हटलं बरी आहे. आणि मग शेवटी, "आनि चाक?" मी म्हटलं अडकलं होतं. ते तिथंच ओट्याखाली बसले आणि मडगार्ड दोन बोटं वर उचलून बांधायला लागले. हरणाबाईनं या खेपेला दोन घागरी त्यांच्यावर ओतल्या. बिराप्पानं बिरोबाचा भंडारा आणून मुलाच्या कपाळाला लावला, माझ्या लावला आणि मग सायकलीच्या दोन्ही मडगार्डांवर मूठमूठ उधळला. उलटा हत्ती पिवळा झाला आहे, तो तसाच आहे.

त्यानंतर सहा बाळंतपणं झाली, सहाही वस्त्यांवरची, सहाही वेळेवर. तेव्हा दादा, तुझी सायकल आता शर्यतीची राहिलेली नाही, पण पहिली येते. जे झालं ते असं झालं. रागावणार असशील तर रागाव, पण तिकडं सांभाळून राहा. आईनं घरची शेंगाची चटणी पाठवली होती ती पोचली की वाटेतल्या साहेबांनी तपासली, हे कळव. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पोटात घाल.

तुझी, पायाला माती पण पाठ स्वच्छ असलेली बहीण,
मनू

ता. क. : तुझे जुने बारीक टायर मी फेकलेले नाहीत. मेणकापडात गुंडाळून ठेवले आहेत.

दुसरा ता. क. : वर मी लिहिलं की जे झालं ते असं झालं. तसं सगळं लिहिलेलं नाही. परवाच्या दसऱ्याला केरबा मिस्त्रींना मी सोनं दिलं आणि विचारलं की असेच नुसते बोल्ट आवळत किती दिवस बसणार? (होय, मागणी मी घातली. ते घालतील म्हणून थांबले असते तर तू पेन्शनीत आला असतास.) त्यांनी सोनं खिशात जपून ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या दादांची सायकल ठोकली. आता त्यांची भैन मागितली तर ते मला जित्ता ठेवतील व्हय?" मी म्हटलं मग? तर म्हणाले, आधी सायकलीचं सगळं खरं खरं लिहा, काही लपवू नका, त्यातून माफी मिळाली तर पुढचं विचारा. म्हणून हे एवढं लांब पत्र. त्यांच्या आईला मी पसंत आहे. पाट लावायचा, म्हणजे विधवेनं पुन्हा संसार मांडायचा, म्हटलं की भावकी उठेल, कुळी काढील, तू नसताना मला कोण विचारतं? एकदा तू माझ्यासाठी आप्पांशी भांडलास. आणखी एकदा, दादा, एकदाच. आप्पांना पत्र लिही.

तिसरा ता. क. : पत्र बंद केलं होतं, ते उकलून लिहिते आहे. मोटारवाल्यांकडून कुजबुज कानावर गेली असावी, आज सकाळी न सांगता आप्पाच इथं आले. मी वस्तीवर गेले होते. परत आले तर ते मिस्त्रींच्या दुकानात स्टुलावर बसलेले. मला सायकलीवर बघून उठले. सायकलीभोवती एक फेरी मारली, वाकले, मागच्या नळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही नळी कुनी दाबली?" केरबा उभे राहून म्हणाले, "म्या." आप्पा पुन्हा वाकले, दुसऱ्या बाजूनंही बोट फिरवून बघितलं. "दोनी बाजू सारख्या हायत," म्हणाले. मग चहा प्याले, केरबांच्या रानाची चौकशी केली, गुडघ्याची केली, आणि मोटारीत चढताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "लालासायबाला इचार. त्यो व्हय म्हनला तर माजी ना न्हाई." म्हणजे आता भांडायचं कोणाशी नाही, फक्त व्हय म्हणायचं आहे. होकार असेल तर तार कर. नकार असेल तर साध्या टपालानं पाठव, आणि घाई करू नको.